‘टकटक’च्या यादीतलं शेवटचं नाव

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पाकीट बघून तू घाबरशील, कुणाचं काय झालं म्हणून. कुणाचं काही झालेलं नाही. फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलतेस. बाबांकडे तक्रार केली, तर म्हणाले, “कागदावर लिही. कागदाला ती उत्तर देते, पहिल्यापासून तिचं तसंच आहे.” तर हा घे कागद. इंग्लिश मीडियमच्या भाचीचं अक्षर आहे, सांभाळून घे. जोडाक्षर आलं की माझं पेन आपोआप स्लो होतं.

नोकरी मस्त चाललीये. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोन घेते. दिवसभर अडकलेल्या माणसांशी बोलायचं आणि मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना रडू द्यायचं नाही, एवढंच काम. पण पत्र त्यासाठी नाहीये.

माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला. ऑफिसच्या मागच्या गल्लीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, शेजारी बेकरी, आणि दोघांच्या मधून एक जिना वर जातो. जिन्यावर पाटी: ‘संगणक मित्रमंडळ. दर महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी चार. अडलेल्यांनी यावं.’ दुकानवाले वरच गेलेत असं कळलं, म्हणून मी वर डोकावले आणि आत्या, साडेसहाला खाली आले.

अकरा माणसं होती, बहुतेक सगळी बाबांपेक्षा मोठी. आधी गोल फिरून प्रत्येकाला विचारतात, “अडलंय का?” एका आजोबांचे सगळे फोटो आडवे झाले होते. एक नर्सताई आहेत, त्यांचा प्रिंटर फक्त मंगळवारी चालतो. ज्याचं सुटलं, त्याने पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं सोडवायचं, असा नियम. मला बळंबळं पहिल्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, नवा माणूस पुढे बसतो आणि त्याचं नाव यादीत सगळ्यात वर जातं, आपल्या मंडळात नव्याला मान आहे. मला एवढं भारी वाटलं की मी तिथेच सभासद झाले.

आणि मग भिंतीवर फोटो दिसला. तीन माणसं आहेत. एक घड्याळकाका, दुकानवाले, तेव्हा केस होते त्यांना. दुसरी बेकरीमावशी. आणि मध्ये मांडीवर टीव्ही घेऊन बसलेली, नाक वर केलेली मुलगी. ते नाक मी रोज आरशात बघते. मी ओरडलेच, “ही माझी आत्या आहे.” घड्याळकाका म्हणाले, “पाऊसबाईंची भाची तू?” आणि खाली दुकानात निघून गेले. पट्टा बसवायचा राहिला तो राहिलाच.

एप्रिलमध्ये मंडळाला चाळीस वर्षं होतायत. इतिहासाचं छोटं पुस्तक काढायचंय आणि ते काम सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात घातलंय. तर आता सांग. तू कॉम्प्युटर क्लब काढलास आणि घरात कुणालाच पत्ता नाही, हे कसं काय?

तुझीच,
ठमी

१२ फेब्रुवारी

ठमे,

अक्षर वाईट नाहीये. जोडाक्षरं तर माझ्या साहेबांपेक्षा बरी आहेत.

घरात पत्ता नाही असं कसं म्हणतेस? तुझे आजोबा त्या मंडळाचे चार नंबरचे सभासद होते. ऐक. मी तेव्हा हवामान कार्यालयात नकाशावर पावसाचे आकडे भरायचे, म्हणून पाऊसबाई. आपलं घर त्याच गल्लीच्या टोकाला होतं. घड्याळजींनी पार्सलने कॉम्प्युटर मागवला. म्हणजे सुटे भाग आणि एक नकाशा. चार महिने डोळ्याला भिंग लावून त्यांनी तो जोडला आणि मग लक्षात आलं की त्याला पडदा नाही. पडदा म्हणून टीव्ही लागतो, आणि गल्लीत टीव्ही आमच्याकडे. शनिवारी मी तो उचलून न्यायला लागले. आजोबांच्या बातम्या बुडायच्या. दुसऱ्या शनिवारी ते टीव्हीच्या मागोमाग चालत आले आणि वर येऊन बसले. दोन तास पडद्यावरचे आकडे बघितले आणि विचारलं, “बातम्या कधी लागणार?” नंतर प्रत्येक शनिवारी आले. मरेपर्यंत म्हणत होते की त्या कॉम्प्युटरवर बातम्या फार कमी लागतात.

बेकरीवालीची भट्टी आणि आपलं मशीन एकाच वायरवर. ती पंखा लावायची आणि आमचं तासाभराचं टायपिंग उडायचं. म्हणून मग आम्ही तिलाच सभासद करून घेतलं.

प्रोग्राम कॅसेटवर ठेवायचे, गाण्याच्या कॅसेटवर ठेवतात तसे. ऐकलंस तर नुसती किरकिर. एकदा दुसऱ्या गावच्या मंडळाला आपला एक प्रोग्राम हवा होता. पोस्टाने आठवडा जाईल म्हणून आम्ही फोन लावला आणि टेपरेकॉर्डरसमोर रिसीव्हर धरला. पलीकडे त्यांनी रिसीव्हरसमोर टेपरेकॉर्डर धरला. अकरा मिनिटं सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. दहाव्या मिनिटाला घड्याळजी शिंकले. शिंक प्रोग्राममध्ये गेली आणि पलीकडे सगळं बंद पडलं. त्या मंडळाकडे अजून असेल ती शिंक, जपून ठेवलेली.

‘टकटक’ हा अंक मी चौदा वर्षं काढला. महिन्याला आठ पानं. पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायचा प्रोग्रामही माझाच.

हे सगळं खुशाल घाल पुस्तकात. माझं नाव मात्र घालू नकोस. मी त्या मंडळाची सभासद नाही. मला काढून टाकलंय, त्याला सव्वीस वर्षं झाली. आणि ‘का’ म्हणून विचारू नकोस.

आत्या

२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

विचारत नाही. पण ऐकशील तर खरं.

शनिवारी सगळे पुस्तकाच्या कामासाठी जमले, तेव्हा शिंकेचा भाग मी वाचून दाखवला. घड्याळकाकांनी भिंग काढून खाली ठेवलं. “मी शिंकलो? मी?” म्हणाले. “चाळीस वर्षं घड्याळाचे स्क्रू उचलतोय. शिंकणारा माणूस या धंद्यात टिकतो का? ती शिंकली.” बेकरीमावशी म्हणाल्या, “दोघंही शिंकलात, आणि नंतर दोघं मिळून माझ्या मैद्यावर ढकललंत.” पुस्तकात तीनही व्हर्जन टाकते.

काका त्या दिवशी खूप हसले. मग सगळे गेल्यावर मला म्हणाले, “पुस्तकात एक गोष्ट लिहायची, ती लिहिल्याशिवाय ते छापायचं नाही. मी तिला घालवलं. साध्या शब्दांत लिही.” मी म्हटलं, आत्या म्हणते तिला काढून टाकलं. ते म्हणाले, “तिला तसंच वाटणार. मी बोललोच तसं.” एप्रिलच्या सभेनंतर ते अध्यक्षपद सोडतायत. हात थरथरायला लागलाय, लहान घड्याळं आता घेत नाहीत. मला म्हणाले, एवढं एक काम राहिलंय.

म्हणून मी ‘टकटक’चे सगळे जुने अंक घरी आणले. तुझी संपादकीयं काय कडक आहेत गं. ‘ज्यांनी मागच्या अंकातला प्रोग्राम टाइप करताना चुका केल्या त्यांनी मला शिव्या देऊ नयेत, आधी चौथी ओळ बघावी.’ मी रात्रभर नाही, पण दोन रविवार वाचत होते. तुझा शेवटचा अंक १६२. आणि १६३ च्या पहिल्या पानावर हे आहे. जसंच्या तसं उतरवतेय.

‘गेल्या सभेत मी पाऊसबाईंना नको ते बोललो. ई-मेल आलं, आता अंक कागदावर कशाला, असं माझं म्हणणं होतं. त्या म्हणाल्या, ज्यांच्या घरी सोय नाही त्यांनी काय करायचं. त्या बरोबर होत्या. ‘टकटक’ कागदावरच निघेल, मी आहे तोवर. हे मी त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं, पण त्यांची बदली झाली आणि नव्या जागी फोन नाही. म्हणून सगळ्यांसमोर इथे माफी मागतो. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या अंकात छापू.’

आत्या, मी १६४ बघितला. १६५ बघितला. पार २०० पर्यंत गेले. उत्तर नाही.

मी लहान आहे, मला अक्कल शिकवायची नाही. पण एका माणसाने पहिल्या पानावर माफी मागितली आणि तू सव्वीस वर्षं दोन ओळी लिहिल्या नाहीस? तू तर कागदाला उत्तर देतेस ना?

रागावू नकोस.

ठमी

५ मार्च

ठमे,

रागावले नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सकाळचा पाऊसमापक बघायला वीस मिनिटं उशिरा गेले. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या या मानधनाच्या कामात असं पहिल्यांदा झालं.

मला अंक १६३ मिळाला नाही. १६४ नाही, पुढचा कुठलाच नाही.

तू विचारलंस म्हणून आता सांगते. त्या सभेत वाद झाला, तो तसाच झाला जसा त्यांनी लिहिलाय. फक्त ते काय बोलले ते त्यांनी लिहिलं नाही. म्हणाले, “अंक काय, तुमच्याशिवायही निघेल.” सगळ्यांसमोर. मी टीव्ही उचलला आणि घरी गेले. पुढच्या आठवड्यात इथे बदली झाली. टेकडीवरचं केंद्र, दोन खोल्या, वाऱ्याचं यंत्र आणि मी. फोनची लाइन यायला आठ महिने लागले.

तरीही मी सभासदत्वाचा फॉर्म भरून पाठवला. नव्या पत्त्यासकट. फोनच्या रकान्यात काही नव्हतंच लिहायला, तो कोरा सोडला. म्हटलं, अंक आला की समजायचं वाद मिटला, मग मी पत्र लिहीन. दर महिन्याच्या दहा तारखेला टपाल यायचं आणि मी फाटकापर्यंत जायचे. वर्षभर गेले. मग जायचं बंद केलं. मला वाटलं, बोलले ते करून दाखवलं त्यांनी. निघतोय अंक, माझ्याशिवाय.

आणि ते तिकडे माझ्या उत्तराची वाट बघत होते, असं तू म्हणतेस.

मग माझा अंक गेला कुठे? त्यांना काही विचारू नकोस. तू शोध. तुला सवय आहे ना, माणूस कितव्या मजल्यावर अडकलाय ते शोधायची.

आत्या

१६ मार्च

आत्या,

सापडलं. बसून वाच, उभ्याने वाचू नकोस.

आधी मला वाटलं पोस्टाने घोळ घातला. पण एखादा अंक हरवेल, सगळेच कसे हरवतील? मग यादी बघितली. मंडळाची यादी एका मशीनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी चाळीस वर्षं फिरत आलीये, आणि चिठ्ठ्या अजूनही तुझाच प्रोग्राम छापतो. सगळं बदललं, त्याला कुणी हात लावला नाही. “चालतंय ना, मग राहू दे,” हे या मंडळाचं खरं ब्रीदवाक्य आहे. पहिलं नाव माझं. खाली जात जात गेले आणि सगळ्यात शेवटी तू. बत्तिसावी. नाव, टेकडीचा पत्ता, सगळं बरोबर. तुला कुणीही काढलेलं नाही. तू आजही सभासद आहेस.

पण चिठ्ठ्या छापल्या तर एकतीसच येतात.

मग मी प्रोग्राम उघडला. सत्तर ओळी, रोमन अक्षरांत मराठी शेरे, मज्जा आली वाचायला. यादी कुठे संपली हे मशीनला कळायला काहीतरी खूण लागते ना. तुझी खूण काय होती, आठवतंय? अठ्ठाविसाव्या ओळीवर तुझ्याच शब्दांत आहे: ‘फोन नाही तर सभासद नाही. इथे थांब.’ म्हणजे फोनचा रकाना कोरा दिसला की यादी संपली समजायचं. तू कोरा रकाना पाठवलास. काकांनी तुझा जुना पत्ता खोडून नवा तळाशी टाकला, फॉर्ममध्ये होता तसाच. मशीन तुझ्यापर्यंत येतं, कोरा रकाना बघतं आणि शहाण्यासारखं थांबतं. दर महिन्याला. सव्वीस वर्षं.

अजून ऐक. तुझ्यानंतर आलेल्या नव्या माणसांची नावं तुझ्या खाली गेली, आणि त्यांनाही अंक मिळेनात. चिठ्ठ्या चिकटवायचं काम बेकरीमावशींकडे होतं. त्यांनी बरीच खटपट करून शोधून काढलं की नाव वर टाकलं की छापतं. का छापतं ते कुणी विचारलं नाही. तेव्हापासून नवा माणूस वर. मग कुणीतरी म्हणालं, वर घेतो तर पुढच्या खुर्चीतही बसवू. ती मानाची परंपरा, जिच्यावर मी भाळून सभासद झाले, ती तुझ्या एका ओळीमुळे आहे.

मी मावशींना विचारलं, आत्याची चिठ्ठी येत नाही हे तुम्हाला दिसलं नाही का? त्या भट्टीत पाव सरकवत म्हणाल्या, “दिसलं की. मला वाटलं तिनेच नको म्हणून कळवलं असेल. भांडण झालेलं. मी कशाला मध्ये पडू?” त्यांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

काकांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगू का? की तू येऊन सांगतेस? पहिला शनिवार चार एप्रिलला आहे. माझ्याकडे एक्स्ट्रा गादी आहे.

ठमी

ता. क. प्रोग्राम दुरुस्त करायला मला दोन मिनिटं लागतील. करू?

२१ मार्च

ठमे,

अजिबात हात लावू नकोस.

पत्र वाचून मी एवढी हसले की शेजारचा मेंढपाळ विचारायला आला, बाई बरं आहे ना. मग हसू थांबलं.

ती ओळ मला स्पष्ट आठवते. तेव्हा सभा रद्द झाली तर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करायचा. फोन नसलेला माणूस मध्ये आला की साखळी तुटायची. म्हणून फॉर्मवर फोन सक्तीचा, हा नियम मी केला. आणि मशीनची मेमरी एवढीशी की यादीच्या शेवटी वेगळी खूण टाकायलाही जिवावर यायचं. घड्याळजी तेव्हा म्हणाले होते, “उद्या फोन नसलेला कुणी आला तर?” मी म्हटलं, तसा माणूस आपल्याला कशाला हवाय.

आणि त्याच बाईने शेवटच्या सभेत सोय नसलेल्यांची बाजू घेऊन भांडण केलं.

एवढी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात किती बोलले असेन, त्याची गणती नाही. पाऊस जास्त झाला तरी त्याच्या नावाने. आता ते सगळं परत घ्यायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? ठमे, भीती वाटते गं. वादळाचा इशारा देताना वाटली नव्हती एवढी.

पण सांगणार मीच. त्यांना काही बोलू नकोस. शुक्रवारी सकाळच्या बसने निघते. हार, शाल, भाषण असलं काही दिसलं तर त्याच बसने परत जाईन. मी सगळ्यात मागे बसणार.

आत्या

९ एप्रिल

प्रिय आत्या,

गादीवर अजून तुझा चष्म्याचा डबा आहे. पार्सल करते.

तू मागे बसली होतीस, त्यामुळे तुला जे दिसलं नाही ते सांगते. गोल फिरत ‘अडलंय का’ तुझ्यापर्यंत आलं, तेव्हा घड्याळकाका टेबलापाशी पाठ करून उभे होते, कसलीतरी वायर गुंडाळत. तू म्हणालीस, “माझं अडलंय. मला सव्वीस वर्षं अंक मिळालेला नाही. प्रोग्राम मीच लिहिलाय, चूक अठ्ठाविसाव्या ओळीवर आहे, आणि शिव्या दुसऱ्याच माणसाला देत होते.” मी टेबलाच्या या बाजूला होते. काकांनी वायर गुंडाळणं थांबवलं आणि डोळे मिटले. नुसते मिटले. मग मागे वळले आणि म्हणाले, “फॉर्म पूर्ण भरा, फॉर्म पूर्ण भरा, म्हणून मी घसा कोरडा करायचो. कधी ऐकलंत?” आणि सगळी खोली जी हसली, की खालून बेकरीतलं गिऱ्हाईक वर बघायला आलं.

मग तू टाइप करायला बसलीस आणि ते मागे उभं राहून प्रत्येक अक्षराला ‘हळू’ म्हणत होते, ते तू ऐकलंसच. बत्तिसावी चिठ्ठी नर्सताईंच्या प्रिंटरवर निघाली तेव्हा त्या रडल्या. त्यांना विचारलं का, तर म्हणाल्या, “प्रिंटर शनिवारी चालला.”

आता एक कबुली. हे लिहायला मला चार दिवस लागले.

मी वचन पाळलं होतं. मी काकांना काहीच सांगितलं नाही. पण बेकरीमावशींना राहवलं नाही. तुझं शेवटचं पत्र येण्याआधीच त्यांनी जाऊन काकांना सगळं सांगून टाकलं होतं, ओळीच्या नंबरासकट. मला सोमवारी कळलं. मी धावत दुकानात गेले. म्हटलं, काका, तुम्हाला माहीत होतं? मग माहीत नसल्यासारखं का वागलात?

ते एक टेबलक्लॉक उघडत होते. हात थरथरत होता, म्हणून कोपर टेबलावर टेकवून काम करत होते. म्हणाले, “तिला येऊन सांगायचं होतं. तिने चार तास बसमध्ये वाक्य जुळवलं असणार. मी आधीच ‘माहीत आहे’ म्हटलं असतं, तर तिने ते कुठे ठेवलं असतं?”

तुला वाईट वाटलं असेल तर मला रागव, त्यांना नको.

पुस्तकात ‘मी तिला घालवलं’ हे वाक्य घालायचं का, म्हणून विचारलं. म्हणाले, “तिला विचार. संपादक ती आहे.” आणि हो, अध्यक्षपद सोडलं त्यांनी, नर्सताईंनी घेतलं. पण मंगळवारपासून रोज वर येऊन बसतात. म्हणतात, आता जबाबदारी नाही, आता मजा आहे.

तुझी,
ठमी

१४ एप्रिल

ठमे,

वाईट कसलं वाटायचं. मला तेव्हाच कळलं होतं.

मी बोलून संपवलं आणि ते वळले, यात चांगले तीन सेकंद गेले. घड्याळजींना मी कुठल्याही वादात उत्तर द्यायला एक सेकंदही लावताना पाहिलेलं नाही. शिवाय खरोखर धक्का बसलेला माणूस ‘फॉर्म पूर्ण भरा’ एवढं तयार वाक्य बोलत नाही. त्यांनीही ते आठवडाभर घोटलेलं होतं. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मी त्यांचं ऐकून घेतलं. त्यांना सांगू नकोस मला कळलं म्हणून.

ते वाक्य पुस्तकातून काढ. त्याच्या जागी लिही: ‘दोघं भांडले, आणि मशीनने त्यांचं ऐकलं.’ पुढे अठ्ठाविसावी ओळ छाप, जशी होती तशी. नव्या पोरांना उपयोगी पडेल.

काल अंक आला. दहा तारखेचा तेराला आला, पण आला. टपालवाला फाटकात उभा राहून म्हणाला, “बाई, हे काय नवीन?” मी म्हटलं, जुनंच आहे. आठ पानं, दोन स्टेपल, आणि पाचव्या पानावर चार चुका. उभ्यानेच वाचून काढला.

सोबत एक मजकूर पाठवते. पुढच्या अंकात, पहिल्या पानावर. काटछाट करायची नाही.

‘संपादकांस,

अंक १६३ मधली घड्याळजींची माफी वाचली. उत्तर आलं की छापू, असं त्यात म्हटलंय, म्हणून हे उत्तर.

माफी मान्य आहे. पण ती अर्धीच घेते, उरलेली अर्धी मला मागायची आहे. अंक माझ्याशिवायही निघेल, असं ते म्हणाले होते. निघाला. आणि सोय नसलेल्या माणसांसाठी कागदावरच निघाला, न चुकता, दर महिन्याला, जसा मी काढला असता तसा. मी इथे रुसून बसले होते आणि तिकडे माझं काम कुणीतरी करत होतं, हे मला आत्ता कळतंय.

यापुढे दर पहिल्या शनिवारी येईन. बस घाटात रखडते, चारच्या आत पोचेनच असं नाही. उशीर झाला तर माझ्यासाठी थांबू नका, सुरू करा. सवय आहेच तुम्हाला.

पाऊसबाई, सभासद.’

एवढंच. गादी तशीच राहू दे, गुंडाळून ठेवू नकोस.

आत्या